चिठ्ठीसाहेब

वामनरावांना लग्नाला बोलवायचं की नाही, हा भोरमधल्या वधूपित्यांपुढचा मोठा प्रश्न असे. बोलवावं तर ते हटकून येणार, पंगतीत बसणार आणि भातावर तूप पडलं की त्यातलं थोडं डाव्या हाताच्या मागच्या बाजूला चोळून नाकाशी नेणार. न बोलवावं तर ह्यांच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, असं ते धरून चालणार. त्यामुळे लोक बोलवत, आणि वाढप्याला आधीच सांगून ठेवत की त्या खांबाजवळच्या पानावर घरचं तूप वाढ.

एका लग्नात वाढप्या विसरला. वामनरावांनी हात नाकाशी नेला आणि समोर उभ्या असलेल्या वधूपित्याकडे पाहिलं.

"खास हिर्डोशीहून मागवलंय," वधूपिता घाईघाईनं म्हणाला.

"हिर्डोशीच्या एकाही म्हशीनं हे पाहिलेलं नाही," वामनराव म्हणाले आणि शांतपणे भात कालवायला लागले. त्या गृहस्थाचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी वर खुलासाही केला, "घाबरू नका. तुम्ही हे विकत नाही, वाढताय. कायदा विक्रीला आहे. फक्त हिर्डोशीचं म्हणू नका. तूप म्हणा. नाही, तूपही म्हणू नका. नुसतं वाढा."

मी त्यांच्या शेजारच्या पानावर होतो. मला लाडू गिळवेना, इतकं हसू येत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची एक रेघ नव्हती. आपण काही विनोदी बोललो, असं त्यांना कधीच वाटत नसे.

वामनराव आमच्या संस्थानच्या आरोग्य खात्यात निरीक्षक होते. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, पायांत करकरणाऱ्या वहाणा. त्या वहाणांचा आवाज पेठेच्या तोंडाशी आला की शेवटच्या दुकानापर्यंत झाकणं लागत. काखेला एक खादीची पिशवी. तिच्यात दूध तपासायची काचेची नळी फडक्यात गुंडाळून ठेवलेली, शिवाय तीन रिकाम्या बाटल्या, लाखेची कांडी, पितळी शिक्का आणि काड्यापेटी. नमुना घेतला की त्याचे तीन भाग करायचे, तिन्ही बाटल्यांवर लाख लावून शिक्का मारायचा, एक बाटली दुकानदाराच्याच हातात द्यायची, एक तपासणीला पुण्याला पाठवायची, एक कचेरीत ठेवायची. दुकानदाराची बाटली देताना ते म्हणत, "ही तुमची. उद्या आम्ही खोटं बोललो तर तुमच्याकडे पुरावा नको का?"

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. माझं अक्षर बरं होतं, आणि अक्षर बरं असण्याचे तोटे मला त्यांनीच दाखवून दिले. कारण त्यांचा सगळा जीव लिहिण्यात होता. भेसळीचा कायदा आमच्याकडे नवा होता. त्यात एक कलम असं होतं की मिसळलेला जिन्नस विकायला हरकत नाही, पण त्यात काय मिसळलं आहे ते भांड्यावर ठळक अक्षरांत लिहिलं पाहिजे. बाकीची कलमं वामनरावांना पाठ होती, हे कलम मात्र त्यांच्या अंगात भिनलं होतं. "मिसळण्याचा मला राग नाही," ते म्हणत. "लपवण्याचा आहे. आत जे आहे ते बाहेर लिहा आणि खुशाल विका." मग ती चिठ्ठी लिहायला मी होतोच. सगळं गाव त्यांना चिठ्ठीसाहेब म्हणे, आणि मला चिठ्ठीसाहेबांचा बोरू.

पेठेत बंडूशेठ म्हणून एक फराळवाले होते. वनस्पती तुपाचे डबे दोनेक वर्षांपासून यायला लागले होते आणि बंडूशेठची जिलबी त्यातच तळली जात होती. वामनरावांनी त्यांना पाटी लावायला लावली. बंडूशेठनं लावली, पण ती देवाच्या तसबिरीमागे, आणि अक्षरं एवढी बारीक की मुंगीनंच वाचावीत. वामनरावांनी मला फूटपट्टी घेऊन पाठवलं. स्टुलावर चढून, हार बाजूला सारून मी 'वनस्पती'तला 'व' मोजला आणि भर दुकानात त्याची उंची ओरडून सांगितली. दुसऱ्या दिवशी दर्शनी भागात हातभर पाटी लागली.

गंमत अशी, की लोक बंडूशेठवर चिडलेच नाहीत. ते वामनरावांवर चिडले. एका निवृत्त मास्तरांनी तर त्यांना रस्त्यात गाठून सुनावलं, "अहो, दोन वर्षं आम्ही साजूक तुपाची म्हणून चवीनं खात होतो. तुम्ही ती चव घालवलीत."

"मी चव घालवली नाही, मी नाव सांगितलं," वामनराव म्हणाले आणि पुढे चालू लागले.

घरीही तोच प्रकार. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. लढाईच्या दिवसांत ज्वारी मिळेना, तेव्हा माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पिठात नाचणी मिसळली. संध्याकाळी डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'ज्वारी व नाचणी, मिश्र.' पाहुणे आले आणि माईंनी चहा आणला, की कप हातात पडायच्या आत वामनराव सांगत, "साखर संपली आहे, गुळाचा आहे. दूध पुरेसं नाही." माई एकदा मला म्हणाल्या, "लग्न ठरवायला आमच्याकडची मंडळी आली, तेव्हा ह्यांनी स्वतःबद्दल काय सांगितलं माहीत आहे का? उजव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं." हे सांगताना त्या वैतागल्यासारखं दाखवत होत्या, पण त्यांच्या आवाजात अभिमान होता.

आता हौसाबाईंचं सांगतो. त्यांच्याशिवाय वामनराव पुरे होत नाहीत.

हौसाबाई आंबवड्याच्या रस्त्यावरच्या एका वस्तीवरून रोज सकाळी दूध घेऊन यायच्या. दोन म्हशी, आणि घरी पाय अधू झालेला नवरा. घर चालायचं ते गावातल्या पंधरा घरच्या रतिबावर. डोक्यावर पितळी चरवी, हातात पाण्याचा छोटा तांब्या. नदीच्या पुलाजवळ वामनराव सगळ्या दूधवाल्यांना थांबवून चरवीत काचेची नळी सोडत. हौसाबाईंच्या दुधात ती नळी अशी दिमाखात उभी राही की बाकीचे तोंड फिरवत. वामनरावांच्या घरी त्यांचाच रतीब होता, आणि माझ्याही. पण त्यांच्या घरी दूध पोचे तेव्हा वामनराव अजून पुलावरच असत.

एके दिवशी सकाळी आम्ही दोघे हेडमास्तरांच्या घरावरून चाललो होतो. हौसाबाई ओट्याशी दूध घालत होत्या. त्यांनी माप हेडमास्तरीणबाईंच्या पातेल्यात ओतलं, मग तांब्यात बोटं बुडवली आणि पातेल्यावर पाण्याचे थेंब सोडले. सावकाश, मोजून. वामनराव जागच्या जागी थांबले.

"हौसाबाई, हे काय घातलंत?"

"पानी," हौसाबाई म्हणाल्या. लपवाछपवी नाही, दचकणं नाही. "पाच थेंब."

"दुधात पाणी?"

"घालाया लागतं साहेब. निस्तं दूध दुसऱ्याच्या चुलीवर उतू गेलं तर म्हशीच्या सडाला इजा हुती. दूध आटतं. पान्याचं पाच थेंब पडलं की तिला झळ न्हाई लागत. माझी सासू घालायची, तिची सासू घालायची."

ही चाल आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. माझी आई शेजारी दूध द्यायची तेव्हा तीही घालायची. मी वामनरावांच्या कानाशी लागून म्हटलं, "साहेब, नळीला पाच थेंब कळतही नाहीत. सोडून द्या."

"नळीला कळलं नसेल. मला दिसलं," ते म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्या बाईंना अडचणीत आणायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी विचारलं, "न घालता चालणार नाही का?"

"आन म्हशीला काय झालं म्हंजे? तुमचा कायदा येनार हाय व्हय माज्या गोठ्यात धार काढाया?"

मग एकच वाट उरली. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंच्या चरवीच्या गळ्यात पत्र्याची पाटी आली. तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'या दुधात पाणी आहे.'

आठ दिवसांत पंधरातली अकरा घरं सुटली. त्यांतलं एक माझं होतं. मी घरी बायकोला म्हटलं, अगं, पाचच थेंब असतात, तुझ्या डोळ्यांसमोर तर घालते ती. त्यावर ती म्हणाली, "पण तुम्हीच लिहिलंय ना, पाणी आहे म्हणून? कायद्याची पाटी खोटी कशी असेल?" आणि तिनं शिवरामचा रतीब लावला. निम्म्या गावानं शिवरामचाच लावला.

हा शिवराम म्हणजे मोठा इरसाल माणूस. काचेची नळी पाण्यानं खाली जाते आणि साय काढली की वर येते, हे त्यानं पक्कं ओळखलं होतं. तो आधी साय काढून घ्यायचा आणि मग पाणी ओतायचा. नळी बरोब्बर मधल्या रेघेवर उभी. त्याच्या चरवीवर पाटीबिटी काही नव्हतं. रामराम ठोकून तो पुलावरून ऐटीत जायचा.

हौसाबाई मात्र रोज ती पाटी मिरवत यायच्या. उरलेल्या चार घरी दूध घालून बाकीचं दूध परत न्यायच्या. एकदा पुलावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, हितं काय लिवलंय ते वाचून दावा की."

मी वाचून दाखवलं. माझी मान वर होत नव्हती.

"एवढंच? आनखी वंगाळ काय न्हाई?"

"नाही."

"मग खरंच लिवलंय की," त्या म्हणाल्या. "हाय पानी. मी कवा न्हाई म्हनले? मग मानसं का फिरली?"

मी कचेरीत आलो आणि वामनरावांना जसंच्या तसं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा आवाज चढला होता. "साहेब, आपल्या पाटीनं खऱ्या बाईला बुडवलं आणि चोराला तारलं. तिच्या म्हशी विकायची पाळी आली आहे." ते लाखेची कांडी हातात फिरवत बसून राहिले. मग टोपी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुलावर आलेच नाहीत. पुढे हौसाबाईंकडूनच कळलं, की साहेब पहाटेच चालत वस्तीवर आले होते, गोठ्यात उकिडवे बसून दोन्ही म्हशींची धार पाहिली आणि रिकामी चरवी उलटी करून पाहिली. मग चरवीच्या मागोमाग चालत गावात येऊन त्या चार घरांच्या दारांत उभे राहिले आणि प्रत्येक ठिकाणी थेंब मोजले. दुपारी कचेरीत आले तेव्हा वहाणा चिखलानं भरलेल्या होत्या.

"सदाशिवराव, नवी पाटी लिहायची," ते मला म्हणाले. "पहिली खरी होती, पण अपुरी होती. अपुरं लिहिणं हेही लपवणंच झालं. चूक माझी आहे."

त्यांना स्वतःची चूक कबूल करताना मी तेवढं एकदाच पाहिलं. पण ती कबूल करताना त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. नवी पाटी अशी होती: 'या दुधात दर घरी पाच थेंब पाणी घालण्यात येते. याखेरीज पाणी नाही. समक्ष मोजले.' खाली त्यांची पूर्ण सही. आणि तेवढ्यावर न थांबता ते स्वतः त्या अकरा घरी गेले, माझ्याही घरी आले, आणि ओट्यावर उभं राहून माझ्या बायकोला पाटी वाचून दाखवली. तिनं दुसऱ्याच दिवशी शिवरामचा रतीब बंद केला. दोन घरं शेवटपर्यंत परत आली नाहीत, बाकीची आली. पुढे पुढे तर गावात 'पाच थेंबांचं दूध' असंच म्हणायला लागले. आजाऱ्याला द्यायचं, बाळंतिणीला द्यायचं, तर पाच थेंबांचंच.

आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. महिन्याभरात शिवरामच्या चरवीवरही पाटी आली. रंगवलेली, शेजारी कमळ काढलेलं: 'या दुधात पाच थेंब पाणी आहे.'

वामनरावांनी ती पाटी दोनदा वाचली. "शिवराम, किती पाणी आहे ह्यात?"

"लिवलंय की साहेब. पाच थेंब. आता आमी बी खरं बोलाया लागलो."

वामनरावांनी नमुना घेतला, नेहमीसारखे तीन भाग केले, लाख लावली, एक बाटली शिवरामच्या हातात दिली. कचेरीत मात्र उरलेलं दूध त्यांनी एका उंच काचेच्या पेल्यात ओतलं, शेजारच्या पेल्यात हौसाबाईंचं ओतलं आणि दोन्ही खिडकीत ठेवले. दुपारपर्यंत हौसाबाईंच्या पेल्यात वर बोटभर साय जमली होती. शिवरामच्या पेल्यात नखाएवढीही नव्हती. पुण्याच्या तपासणीतही साय काढून पाणी घातल्याचंच निघालं. खटला उभा राहिला तो पाण्याबद्दल नाही, खोट्या पाटीबद्दल. शिवरामचे वकील कोर्टात म्हणाले, "पाच थेंब लिहिले, पाण्याची कबुलीच दिली आहे. ह्याहून प्रामाणिक माणूस कुठला?" न्यायाधीशांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनराव म्हणाले, "महाराज, बाई पाच थेंब घालते आणि पाच लिहिते. हा तांब्यानं ओततो आणि पाच लिहितो. मला पाण्याचं काही म्हणायचं नाही. मला त्या पाचाचं म्हणायचं आहे." शिवरामला शिक्षा झाली. ती कमळाची पाटी पुराव्यात जमा झाली. कोर्टात फाईल लावायला गेलं की ती दिसायची.

अशी वर्षं गेली. मग संस्थान विलीन झालं. नव्या कचेऱ्या आल्या, नव्या वह्या आल्या, नियमांची नवी पुस्तकं आली. त्यात दुधापुरतं स्पष्ट होतं: पाणी म्हणजे पाणी, पाटी लावून सुटका नाही. नियम म्हणून तो चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. हजार शिवरामांना आवरायचं तर असाच नियम लागतो. वामनराव त्याच सुमाराला निवृत्त झाले, आणि जाण्याआधीचं त्यांचं शेवटचं काम म्हणजे हौसाबाईंच्या चरवीची पाटी काढून घेणं. ती त्यांनी स्वतः सोडवली. पत्रा इतकी वर्षं घासून चरवीवर एक चकचकीत पट्टा उमटला होता.

वर्षभरानं वामनराव आजारी पडले. पोटाचं काहीतरी होतं, डॉक्टरांनी दुधावर ठेवलं होतं. मी एका सकाळी भेटायला गेलो. पडवीत खाटेवर उशाला टेकून बसले होते. औषधाच्या बाटल्यांवर त्यांच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. एकीवर लिहिलं होतं: 'उपयोग होत नाही.'

तेवढ्यात हौसाबाई आल्या. चरवी ओट्याच्या बाहेर ठेवून त्यांनी आत एक वेगळा तांब्या आणला आणि माईंच्या हातातल्या वाटीत दूध ओतलं. मग हात मागे घेतला आणि उभ्या राहिल्या.

वामनराव त्यांच्या हाताकडे बघत होते. "थेंब?" त्यांनी विचारलं.

"आता दारात न्हाई घालत, साहेब. नवा साहेब बघंल. घरनंच घालून आनते, गुपचूप."

वामनरावांनी डोळे मिटले. इतकी वर्षं जिनं काही लपवलं नाही, ती बाई आता लपवायला लागली होती. त्यांना ते किती लागलं असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं, आणि मलाही फार वाईट वाटलं.

"म्हणजे ह्या वाटीतही आहे," ते म्हणाले.

"न्हाई." हौसाबाई जरा थांबल्या. "तुमचा तांब्या येगळा आनते. आजारी पडल्यापास्नं. त्यात न्हाई घालत. तुमच्यापासनं चोरून कसं घालू?"

"आणि म्हशीला काही झालं तर?"

"बघू काय हुतं ते."

त्या दोन म्हशींवर त्या बाईंचं घर चालत होतं, आणि ह्या एका माणसासाठी त्यांनी त्या म्हशीच पणाला लावल्या होत्या.

वामनराव उशीवरून थोडे उठले. "माई, पाणी आणा," ते म्हणाले. "हौसाबाई, माझ्यादेखत घाला. हे विकत घेतलेलं दूध नाही. आजपासून ह्या घरी तुमचा रतीब बंद. रोज घरच्या म्हणून या आणि पंगतीत वाढतात तसं वाढा. कायदा विक्रीला आहे."

माईंनी पाण्याची वाटी पुढे केली. हौसाबाईंनी बोटं बुडवली. दुधावर थेंब पडले, आणि त्यांनी पदरानं डोळे पुसून हात मागे घेतला.

वामनरावांनी वाटी घेतली नाही. ते वाटीकडे बघत राहिले.

"चारच झाले, बाई," ते म्हणाले. "एक राहिला."